वृक्कविकार आणि अर्धांगवायु

मूत्रपिंडास संस्कृतांत ‘वृक्क’ म्हणतात. दोन्ही वृक्क निकामी झाले म्हणजे मनुष्यास यंत्राचा आश्रय करावा लागतो. कोल्फ नांवाच्या डच वैद्यानें १९४३ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, रक्त शुद्ध करणारें असें यंत्र सिद्ध केलें. आपल्याकडे पुष्कळांच्या कानीं ‘डायलिसिस’ हा शब्द पडला तो १९७५ सालीं, जयप्रकाश नारायण यांस मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत तो घ्यावा लागला तेव्हां. पुढें १९७९ पर्यंत ते त्याच आधारानें जगले. जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही सोय नेण्याची योजना सरकारनें २०१६ सालीं हातीं घेतली, हें ठीकच झालें. परंतु या रुग्णांस अर्धांगवायूचा धोका इतरांहून कित्येक पट अधिक असतो, हें घरच्या माणसांस क्वचितच ठाऊक असतें.

कारणें गूढ नाहींत. मूत्रपिंडें बिघडतात तीं बहुधा मधुमेहानें व रक्तदाबानें, आणि हेच दोघे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचेहि वैरी. शिवाय धमन्यांत चुना बसून त्या कठीण होतात. हृदयाची लय बिघडून त्यांत गुठळी धरते. दोन पाळ्यांच्या मध्यें सांठलेलें पाणी चार तासांत काढून घेतलें म्हणजे रक्तदाब कधीं एकाएकीं उतरतो. पाणी फार सांठलें तर तो चढून वाहिनी फुटण्याचें भय. यंत्रांत रक्त गोठूं नये म्हणून हेपारिन देतात, तेव्हां रक्तस्रावाची भीति निराळीच.

माझे साडू शहाद्यास असतात. डायलिसिसहून परतल्यावर ते नेहमींच थकून निजत. एके दुपारीं त्यांची जीभ जड झाली, उजव्या हातांतून पेला गळला. धाकट्या सूनबाईनें ‘मामंजींचें तोंड वांकडें दिसतें’ असें दोनदां सांगितलें. पण ‘आज थकवा जास्त आहे’ म्हणून वडील मंडळींनीं तिला गप्प केलें. दिवेलागणीस धांवाधांव झाली. गुठळी विरघळविण्याचें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. ती वेळ टळून गेली होती. साडू वांचले, पण रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारी ती वाणी परत आली नाहीं.

थकवा सर्वांगास येतो. पक्षाघात हा नांवाप्रमाणेंच एका पक्षास, म्हणजे एका बाजूस होतो. तोंड वांकडें होणें, एक हात लुळा पडणें, बोलणें बोबडें होणें, यांतील एक जरी दिसलें तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पाणीसुद्धां पाजूं नये, कारण गिळतां न आल्यास तें श्वासनलिकेंत जातें. रोगी शेवटचा धड केव्हां दिसला, आणि डायलिसिस किती वाजतां संपला, हें वैद्यास आधीं सांगावें. हेपारिनचा अंमल असतां तें औषध देणें धोक्याचें असतें. धडगांवकडील डोंगरांतल्या रुग्णास तर वाटेंतच तास जातात. त्यानें घरीं एक घटकाहि दवडून चालणार नाहीं.

राहतां राहिलें पथ्य. एकत्र कुटुंबांत एक वाढणारी आणि चार आग्रह करणारे असतात. लोणचें, पापड यांनीं मीठ जातें, मिठानें तहान लागते, तहानेनें पाणी वाढतें. साडूंच्या ताटांतलें मीठ आतां सूनबाईच पाहते. डायलिसिस संपल्याची वेळ ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवते, आणि तिनें हांक मारली कीं सासूबाईहि हातचें काम टाकून उठतात.