पणजोबांचा पाइप

अब्बांच्या लोखंडी ट्रंकेत एक जुना पाइप आहे, माझ्या पणजोबांचा. ते बोटीवर खलाशी होते. पहिल्या महायुद्धात बोट बुडताना त्यांनी कप्तानाला वाचवलं आणि गोऱ्या साहेबानं खूश होऊन आपला चांदीचा पाइप बक्षीस दिला, ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या की अब्बा ट्रंक उघडत. मीही ही गोष्ट वर्गात मुलांना सांगितली आहे.

परवा भाच्यानं विचारलं, "खाला, यावर हॉलमार्क आहे का?" सोन्याच्या दुकानात शिकलेला शब्द! पट्टीवर तीन खुणा होत्या: तिपानी पान, कुत्रा आणि उंच मनोरा. आम्हाला वाटलं, हाच चांदीचा शिक्का.

लाकडावरची अक्षरं झिजली होती. मी शाळेतला खडू त्यांवर हलकेच चोळला, बोटानं पुसला आणि पाइप खिडकीच्या तिरप्या उजेडात धरला. खाचांत राहिलेल्या पांढऱ्या रेघा वाचता आल्या. पट्टीवर 'के अँड पी', लाकडावर 'मेड इन आयरिश फ्री स्टेट'.

मग शोधाशोध केली. 'के अँड पी' म्हणजे डब्लिनचे काप अँड पीटरसन. काप बंधू जर्मनीतून आलेले, चार्ल्स पीटरसन लॅटव्हियाचा. धुराबरोबर येणारा ओलावा साठवायला पोटात खळगा असलेल्या पाइपचं पेटंट त्यानं 1890 मध्ये घेतलं. आमच्या पाइपलाही तो खळगा आहे. आयर्लंडच्या चांदीवर मुकुटधारी वीणा आणि बसलेली हायबर्निया असते. पान, कुत्रा आणि मनोरा ही कंपनीची स्वतःची चिन्हं. ती बहुधा निकेलच्या पट्टीवर असतात. म्हणजे चांदी गेली.

पण खरी अडचण पुढेच होती. आयरिश फ्री स्टेट हे राज्य डिसेंबर 1922 मध्ये जन्मलं आणि 1937 च्या अखेरीस नव्या राज्यघटनेनं त्याचं नाव बदललं. पाइप त्या पंधरा वर्षांतला. पहिलं महायुद्ध 1918 लाच संपलं होतं. बुडत्या बोटीवरच्या कप्तानाच्या खिशात हा पाइप असणं शक्यच नव्हतं.

अब्बांना सांगावं की नाही, या विचारात दोन दिवस गेले. ऐंशी वर्षांच्या माणसाकडून त्याच्या आजोबांची गोष्ट का काढून घ्यायची? पण वर्गात मी मुलांना "पुरावा काय?" असं रोज विचारते. शेवटी जुम्म्याच्या नमाजानंतर, जेवण झाल्यावर सांगितलं.

अब्बा बराच वेळ पाइप हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग साहेबानं नाही दिला?"

"दिला असेल तर युद्धानंतर, अब्बा. बुडत्या बोटीवर नाही."

"की स्वतःच्या पगारातून घेतला असेल?"

"असेलही. पाइप तेवढं सांगत नाही."

ते हसले. "मी लहान असताना दादा मला तंबाखू भरायला लावायचे. बोटांना दिवसभर वास यायचा. ते तर खरं आहे ना, बेटा?"

ते खरंच आहे. आमच्या पणजोबांची किंमत वाढवायला आम्हाला साहेबाचं बक्षीस का लागलं, हे मात्र मला अजून सुचत नाही. पुढच्या आठवड्यात वर्गात जाऊन आधी माझी चूक दुरुस्त करायची आहे. खडूनंच.