गिलाव्यातली बारीक वायर

मार्च २०१२ मध्ये दिवेआगरच्या मंदिरात दोन पहारेकऱ्यांना मारून सुवर्णगणेशाचा मुखवटा चोरीला गेला. चौलला एकट्या राहणाऱ्या माझ्या मावशीने त्या बातमीचा असा धसका घेतला की मुंबईच्या मुलाने लगोलग घराला अलार्म बसवून दिला. दारा-खिडक्यांना चुंबक, जिन्याखाली पेटी, ओटीबाहेर भोंगा. चोर आला की पेटी लँडलाइनवरून मुलाला फोन लावणार! पुढे लँडलाइनच गेली. मांजर फिरले तरी भोंगा केकाटायचा, म्हणून मावशीने कोड दाबून तो कायमचा गप्प केला.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कौले उडाली, भिंती भिजल्या. खरी दुरुस्ती निघाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये मुखवटा मंदिरात परत बसल्यानंतर. गिलावा खरवडताना जांभ्यातून बारीक वायरी बाहेर आल्या.

‘‘मावशी, ही मेलेली दिसते,’’ म्हणत गवंड्याने एक कापली आणि भोंगा बोंबलू लागला. मेन स्विच पाडला, तरी थांबेना.

वायरमन आला तो हसतच. पहारा बंद असला तरी भोंग्याची वायर कापणाऱ्यावर यंत्रणेची नजर असते, आणि वीज गेली की पेटीतली १२ व्होल्टची बॅटरी काम चालू ठेवते. त्याने पेटी उघडून बॅटरी सोडवली, तरी आवाज येतच होता. भोंग्याच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी होती! ती काढल्यावर वाडीत शांतता झाली.

मग त्याने प्रत्येक वायरीला कागदी पट्टी चिकटवली, जोडणीचे फोटो काढले आणि मल्टिमीटर लावला. दाराजवळच्या स्विचमध्ये काचेच्या बंद नळीत दोन पत्त्या असतात. चुंबक जवळ असेपर्यंत त्या एकमेकींना चिकटतात, दार उघडले की सुटतात. बेल प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवुडची ही १९३६ ची युक्ती. खारी हवा नळीत शिरत नाही. ती खाते स्क्रूखालचे तांबे. टोके हिरवी पडली होती, वीतभर कापल्यावर आतली तार लखलखीत निघाली. काय टाकायचे ते तिथेच ठरले: पेटी आणि बॅटऱ्या जातील, भिंतीतली वायर राहील. मला तरी हे पटले. चांगली वायर उपटण्यासाठी जांभा फोडणे म्हणजे शुद्ध हौस.

एक पाइप मात्र बदलावाच लागला. कोणीतरी त्यातूनच पंख्याची २३० व्होल्टची वायर ओढली होती. आच्छादन झिजले असते, तर तीच वीज दाराच्या स्विचपर्यंत पोचली असती.

नवी पेटी सिमकार्डवर चालते. भोंगा काढून फक्त मोबाइलवर संदेश येऊ दे, असे मुलाचे म्हणणे. मावशी ऐकेना. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच बंद असते, तू येणार कधी, असे विचारून तिने भोंगा शेजाऱ्यांच्या वाडीकडे तोंड करून लावून घेतला.