शेळीची लस गाईला कशी चालते?



२०२२ साली लम्पीची लस टोचायला डॉक्टर आले, की गोठ्यागोठ्यात एकच प्रश्न असायचा, "ही तर शेळीच्या देवीची लस, गाईला कशी चालायची?" अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून लिहितोय.

विषाणूंचीही भावकी असते. देवीच्या विषाणूंचं कूळ मोठं. त्यात कॅप्रिपॉक्स नावाचं एक घर आहे आणि त्या घरात तीन भाऊ : मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लम्पी. तिघांची ठेवण इतकी सारखी, की एकाची ओळख झालेलं शरीर दुसऱ्यालाही अडवतं. म्हणून शेळीची लस गाईला.

पण भाऊ असले तरी दावणी वेगळ्या. लम्पी धरतो गाय-बैलाला, म्हशीला त्यामानाने कमी. मेंढीची नि शेळीची देवी शेळ्या-मेंढ्यांतच फिरते, गाईकडे येत नाही.

हे माहीत असलं की पैसे वाचतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या गाईला गाठी आल्या. शेळ्या त्याच गोठ्यात. लगेच व्यापारी दारात. "आठ दिवसांत शेळ्यांनाही लागेल, आत्ताच देऊन टाका." भाव निम्मा. मी म्हटलं, "काकू, थांबा जरा, डॉक्टरांना विचारू." डॉक्टरांनी सांगितलं, लम्पी शेळीला होत नाही. काकूंनी शेळ्या ठेवल्या. गाय काही वाचली नाही, पण त्या वर्षी घर शेळ्यांवरच चाललं.

अजून एक. सगळ्याला आपण 'देवी'च म्हणतो, तिथं घोटाळा होतो. कोंबड्यांची देवी निराळ्या घरातली. म्हशीच्या सडावर फोड येतात ती देवी माणसाच्या जुन्या देवीच्या घरातली. ती धार काढणाऱ्याच्या हाताला येऊ शकते, तिथं जपा. लम्पी माणसाला होत नाही.

लम्पी पसरवतात चावऱ्या माश्या, डास, गोचीड. आजारी जनावर वेगळं बांधा, गोठा कोरडा ठेवा, गोचीड काढा. आणि शेळीच्या अंगावर फोड दिसले तर "गाईचा लम्पी लागला" म्हणून बसू नका. ती शेळीची देवी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

कुणी घाबरवून जनावर मागायला आला, तर आधी एवढंच विचारा : हा रोग नेमका कुठल्या जनावराचा?