ताण आणि पालवी

मोगऱ्याला फुलं का येत नाहीत, हा प्रश्न माघ लागला की आमच्या बागप्रेमी मंडळात निघतोच. मग आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू कुंडी पुढ्यात ओढतात. ‘आधी पाणी तोड. ताण बसू दे.’ पानं गळली की जुन्या काड्या छाटायच्या, वरची माती उकरून कुजलेलं शेणखत घालायचं आणि पुन्हा पाणी सुरू करायचं. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर धरते. हे पुस्तकातही असतं. पण काकू काडीवरचा डोळा अंगठ्याने दाखवत ‘याच्या वर काप, तिरका’ म्हणतात, तेव्हा ते हाताला कळतं.

पुण्याला हा नाद जुना. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी संस्था १८३० सालची. पण मला अधिक जवळचे वाटतात ते श्री. अ. दाभोळकर. गणित शिकवणाऱ्या या माणसाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला, आणि तासगावकडचे द्राक्ष बागायतदार वेलीपाशी उभं राहून एकमेकांकडून शिकले. सांगणाराही बागायतदार, ऐकणाराही.

फाल्गुनात आम्ही झाडं बघायला निघतो, ते मुख्यतः कुसुमासाठी. लांबून वाटावं झाड फुललंय, इतका लालभडक, उन्हात आरपार उजळलेला. जवळ गेलं की कळतं, ही तर पालवी! खरी फुलं बारीक, हिरवट-पिवळी, सहज नजरेत न भरणारी. मधमाश्यांना मात्र त्यांचा पत्ता बरोबर सापडतो. थोड्याच दिवसांत हा लाल उतरतो, पानं हिरवी होतात. म्हणून कुसुम बघायचा तर उद्यावर टाकू नये.

परतीच्या वाटेवर एक शिरीष आहे. फरशी थेट त्याच्या खोडाला भिडवलेली. मुळांना पाणी हवं तशी हवाही हवी. सिमेंटखाली दोन्हींची वाट बंद. याचा मला मनापासून संताप येतो. राज्याच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात तोडण्याबरोबर झाडाला इजा करणंही येतं, हे किती जणांना ठाऊक असतं?

मंडळाने वॉर्ड ऑफिसात अर्ज दिलाय. परवानगी आली की फरशी उचलायची, ऐसपैस आळं करायचं. कुदळ लावायची नाही, खुरप्यानेच माती मोकळी करायची, कारण वरची मुळं नाजूक असतात. मग पालापाचोळा पसरायचा, खोडापासून जरा अंतर राखून. मृगाआधी एवढं व्हायलाच हवं. काकूंनी पलीकडच्या गल्लीतला कडुनिंबही यादीत घातलाय.