हातांची नावे

खेळण्यातल्या विटांनी इमारत रचणे हा केवळ मुलांचा विरंगुळा आहे, असे पुष्कळांना वाटते. इतिहासाचा शिक्षक म्हणून माझा अनुभव निराळा आहे. गेल्या उन्हाळ्यात पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने लेगोचा ताजमहाल घरी आणला. तुकडे ५,९२३. डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्तियान्सन या सुताराने १९३२ साली सुरू केलेल्या उद्योगाची ही निर्मिती.

तुकडे निवडण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले. गोंदिया जिल्ह्यातील असंख्य स्त्रियांप्रमाणे तिचे तारुण्य तेंदूपानांच्या विड्या वळण्यात गेले. मजुरी हजारावर ठरे. २५ विड्यांचा एक कट्टा, असे ४० कट्टे. नापसंत म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत. त्याच सवयीने तिने तुकड्यांच्या पंचवीस-पंचवीसच्या राशी लावल्या. सोबतच्या पुस्तिकेत मांडणीची केवळ चित्रे होती, शब्द नव्हते. सहीपुरतीच अक्षरओळख असलेली माझी आई ती सहज वाचू लागली. मिनाराचा पुढचा तुकडा माझ्याआधी तिच्या हाती येई.

घुमट बसल्यावर तिने विचारले, खरा ताजमहाल बांधणाऱ्यांची नावे कुठे लिहिली आहेत? सुलेखनकार अमानत खान याचे नाव तेथे कोरलेले आहे. पाथरवटांच्या मात्र केवळ खुणा उरल्या आहेत. मग मी तिला साँचीविषयी सांगितले. तेथील कठड्यांवर व फरसबंदीवर सहाशेहून अधिक दानलेख आहेत. त्यांत भिक्खू, भिक्खुणी, गृहिणी व व्यापारी आहेत. दक्षिण तोरणावरील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याची नोंद तर त्या दगडावरच आहे. श्रम करणाऱ्यांना जातीजातींत वाटून त्यांची प्रतिष्ठा हिरावणाऱ्या व्यवस्थेवर बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये बोट ठेवले. साँचीचा हा दगड त्या व्यवस्थेला दिलेले जुने उत्तर वाटतो.

आमच्या प्रतिकृतीच्या चौथऱ्याखाली आम्ही तिघांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे. आईने आपले नाव स्वतः लिहिले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एक विनंती. आपल्या निवासी शाळेचा इतिहास लिहिताना देणगीदार व पदाधिकारी यांच्यासोबत भिंती रचणारे गवंडी, विहीर खोदणारे मजूर आणि वसतिगृहात भात शिजविणाऱ्या मावशी यांची नावेही शोधून नोंदवावीत. त्यांना ओळखणारी माणसे अजून आपल्यात आहेत. पुढच्या स्मरणिकेपर्यंत ती असतीलच असे नाही.