काठी घेऊन उज्जैनला

उज्जैन, २० डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. इंदूरहून सांवेरमार्गे टॅक्सीने आले, पंचावन्न-एक किलोमीटर. रस्ता चांगला आहे. मावशीची तब्येत ठीक आहे, ऐकायला कमी येतं, बाकी खणखणीत. तू आला नाहीस याचं तिला वाईट वाटलं. कारण सांगितलं तेव्हा म्हणाली, ‘काठीसाठी कुणी माणसं भेटायची थांबतात का?’ तिचं म्हणणं मला पटलं. पण विमानतळावर काठी सोडावी लागण्याची तुझी भीतीही खोटी नाही, म्हणून पुण्यापासून इथवर माझ्या काठीचं काय काय झालं ते सविस्तर लिहिते. माघात इथे लग्न आहे, त्याला तुला यायचंच आहे.

विमानाचं तिकीट काढतानाच मी मदत हवी असं नोंदवलं होतं. निदान ४८ तास आधी कळवायचं असतं. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचं नवं टर्मिनल २०२४च्या जुलैपासून सुरू झालंय, ते जुन्याच्या मानाने फार मोठं आहे. दारापासून सुरक्षा तपासणीपर्यंत आणि पुढे गेटपर्यंत बरंच चालावं लागतं. मी चाकांची खुर्ची घेतली. तूही घे. काठी मांडीवर आडवी ठेवायची आणि जिथे चालावंसं वाटेल तिथे उठून चालायचं. खुर्ची घेतली म्हणून काठी सामानात टाका असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणायचं.

आता तुझ्या मुख्य शंकेकडे येते. काठी एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवावीच लागते, त्यात सूट नाही आणि नसावीही. गुप्ती तू पाहिली आहेस. वरून साधी काठी, मूठ ओढली की आतून पातं. नुसत्या नजरेने ओळखू येत नाही. आपल्या हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या काठ्या तर आतून पोकळच असतात. तपासणाऱ्याने ती यंत्रातून पाहिली तर त्यात आपला अपमान नाही. खरी अडचण वेगळी आहे. काठी यंत्रात जाते आणि आपण धातूशोधक चौकटीच्या अलीकडे उभे असतो. मधली आठ-दहा पावलं बिनकाठीची. धडधाकट माणसाला ती दिसतसुद्धा नाहीत. मागे रांग असते, पुढून ‘चला, चला’ चाललेलं असतं, हातात धरायला काही नसतं. तू ज्याला भितोस ते हेच, आणि माझ्याही पोटात तिथे गोळा आला होता.

यावर उपाय आहे तो क्रमाचा. पर्स, मोबाइल, स्वेटर आधी ट्रेमध्ये. काठी सगळ्यांत शेवटी, तोवर ती हातातून सोडायची नाही. सोडण्याआधी जवानाला मोठ्याने आणि एका वाक्यात सांगायचं. मी सांगितलं, ‘माझ्या खुब्यात धातूचा सांधा आहे, आधाराशिवाय मला चालता येत नाही.’ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची एक तरुण मुलगी होती, तिने लगेच हात पुढे केला. इथे एक गोष्ट लक्षात ठेव. त्यांनी आपला दंड धरायचा नाही, आपण त्यांचा हात धरायचा. दुसऱ्याने ओढलं की तोल जातो, आपण धरलं की सांभाळता येतो. चौकट अर्थातच वाजली. तुझ्या दोन्ही कृत्रिम गुडघ्यांनीही वाजणार. मग पडद्याआड हातातल्या यंत्राने तपासलं. तोवर दुसरीने पट्ट्यावरून काठी उचलून माझ्या हातात आणून दिली. चालायचं धाडस नसेल तर तिथेच खुर्चीवर बसून तपासणी होऊ शकते, तीही मागून घ्यायची.

मागायला संकोच करू नकोस असं मी इतकं बजावते आहे, कारण बोलणाऱ्यांमुळेच हे थोडंफार सुधारलंय. नृत्यांगना सुधा चंद्रन आठवतात ना? दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात, हे त्यांनी २०२१च्या ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ करून जाहीरपणे सांगितलं आणि सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. त्याआधी २०१२मध्ये जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाई कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या, त्यांना विमानात बसल्यावर खाली उतरवलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१६च्या मे महिन्यात न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमही स्पष्ट आहे: आपली गरज आधी सांगितलेली असेल तर अपंग किंवा हालचाल कमी झालेल्या प्रवाशाला, त्याच्या साधनांसह, विमान कंपनी नाकारू शकत नाही. काठी हे साधन आहे. सामानाच्या वजनात ती धरायची नसते.

विमानात मात्र काठी जवळ ठेवू देत नाहीत. उड्डाण आणि उतरताना पायांत काही आडवं नको, घाईने बाहेर पडायची वेळ आली तर ती दुसऱ्याला अडकेल. ती वरच्या कप्प्यात जाते. हेही योग्यच आहे. पण ती आपल्याच डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला सांगायचं. माझी काठी गर्दीत तीन-चार रांगा मागे गेली, आणि इंदूरला उतरताना सगळे उठून उभे राहिल्यावर ती पुढे येईपर्यंत मला बसून राहावं लागलं. तू घडीची काठी घे. चार तुकड्यांची, आत लवचीक दोरी असलेली मिळते. घडी केली की पर्सएवढी होते, मग समोरच्या सीटखालच्या पिशवीत सहज जाते आणि कुणाकडे मागावी लागत नाही. आणि आपत्कालीन दाराजवळची जागा चुकूनही घेऊ नकोस, पाय पसरायला मिळतात म्हणून लोक ती सुचवतात, पण आपल्याला तिथे बसू देत नाहीत.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
कुसुम

उज्जैन, २२ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

काल महाकाळाचं दर्शन झालं. २०२२मध्ये देवळालगत महाकाल लोक हा नवा परिसर झाल्यापासून चालण्याची वाट नऊशे मीटरच्या वर लांबली आहे. पण सपाट आहे, बसायला जागा आहेत, आणि वयस्कर माणसांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही. इथेही धातूशोधक चौकट आहे. काठी हातात ठेवूनच जाऊ दिलं, फक्त मूठ फिरवून पाहिली. गाभाऱ्यात हल्ली सामान्य भाविकांना सोडत नाहीत, लांबून दर्शन घ्यायचं. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण खाली उतरायच्या पायऱ्या वाचल्या. अनवाणी पाय, ओली संगमरवरी फरशी आणि काठीचं झिजलेलं रबर, एवढंच जपावं लागतं. संध्याकाळी गोपाळ मंदिरासमोरच्या बाजारात मी नवं रबर बसवून घेतलं. निघण्याआधी तूही बदल.

इथल्या देवळांशी आपलं मराठी माणसांचं नातं आहे हे इथे आल्यावर जास्त जाणवतं. आत्ताचं महाकाळाचं देऊळ उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी, अठराव्या शतकात. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. हरसिद्धीच्या देवळापुढे दोन दीपमाळा आहेत, त्या पाहून क्षणभर जेजुरीलाच आल्यासारखं वाटलं. दौलतरावांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवेपर्यंत शिंद्यांची राजधानी इथेच होती.

आज वेधशाळेत गेले. तुला आवडेल अशी जागा आहे. सवाई जयसिंगाने बांधलेली ही वेधशाळा मोडकळीला आली होती, १९२३मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली. गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक, आपल्याकडचे मोठे ज्योतिर्गणिती. १९३७ साली त्यांच्या देखरेखीखाली इथे शंकुयंत्र बांधलं गेलं. गोल ओट्याच्या मधोमध एक उभा शंकू, आणि ओट्यावर त्याच्या सावलीच्या रेघा. बस, एवढंच यंत्र. एका उभ्या दांडीवरून दिवस, ऋतू, सूर्य कुठे आहे, सगळं कळतं.

आज वर्षातली मध्यान्हीची सगळ्यांत लांब सावली. इथली मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं, उज्जैन त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य डोक्यावर यायला सुमारे साडेबारा होतात. वेधशाळेतलं सूर्यघड्याळ, म्हणजे सम्राट यंत्र, मात्र इथली खरी वेळ दाखवतं. साडेबाराच्या सुमारास ओट्याबाहेरच्या फरसबंदीवर मी काठी सरळ उभी धरली. सावली काठीहून जेमतेम दोन-तीन बोटं लांब पडली. जूनमध्ये हीच काठी इथे धरली तर मध्यान्हीला सावली जवळजवळ उरणारच नाही, कारण कर्कवृत्त इथून फार दूर नाही. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषात पृथ्वीचं मध्यरेखावृत्त उज्जयिनीवरून धरत, ते याच गावातून. तुझ्या शाळेतल्या मुलांना तू अंगणात काठी रोवून हेच दाखवायचास. तुला इथे आणायचंच असं मी तिथे उभी असतानाच ठरवलं.

सम्राट यंत्राच्या पायऱ्या चढू नकोस, मीही चढले नाही. खालून सगळं दिसतं.

तुझी,
कुसुम

इंदूर विमानतळ, २७ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

गेटपाशी बसून घाईने लिहिते. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ लहान आहे, त्यामुळे तुला पुण्यापेक्षा इथे सोपं जाईल. तपासणीला सांगितलेलं सगळं तसंच केलं आणि या वेळी काठी माझ्याच डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची विनंती आताच करून ठेवली आहे.

काउंटरवर नर्मदा परिक्रमेहून परतणारे नाशिककडचे एक गृहस्थ भेटले. हातात त्यांचा दंड, खांद्याएवढा उंच, वर तांबडं कापड बांधलेलं. नर्मदेच्या काठाने तो महिनोन्‌महिने त्यांच्या हातात होता. त्यांना वाटलं होतं तो विमानात बरोबर नेता येईल. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं की चालायला आधार म्हणून वैद्यकीय गरज असेल ती काठी आत येते, हा लांब दंड खालच्या सामानात पाठवावा लागेल. ते थोडे हिरमुसले. मग त्या मुलानेच कुठून तरी पुठ्ठा आणला, दोन्ही टोकं गुंडाळली, वर नाजूक सामानाची चिठ्ठी लावली आणि लांब वस्तूंसाठीच्या वेगळ्या दारातून दंड रवाना केला. पुण्याला तो लांब सामानाच्याच पट्ट्यावर येईल हेही सांगितलं. ट्रेकिंगच्या टोकदार काठ्यांनाही हाच नियम आहे. तुझी काठी मात्र तुझ्या हातातच येईल.

इथे काही विमानांना पूल लागत नाही, बसने जाऊन शिडीने चढावं लागतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी. नाहीतर उचलून नेणारी लिफ्ट मागायची, तीही मदतीच्या नोंदीतच येते.

डॉक्टरांकडून गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचं एक पत्र घेऊन ठेव. माझं कुणी मागितलं नाही, पण हाताशी असलं की बोलणं आटोपशीर होतं. तारीख नक्की झाली की मला फोन कर. तिकीट काढताना मदतीचा रकाना मीच भरून घेईन, आणि जागा मधल्या वाटेकडेची घेऊ, म्हणजे उठताना काठी टेकायला मोकळी जागा मिळेल.

तुझी,
कुसुम