उचलणे आणि सांभाळणे



दुचाकी दुरुस्त करणाऱ्या माणसाचे अर्धे आयुष्य उकिडवे बसण्यात जाते. इथे बेळगावात आमच्या धर्मग्रामातील एका भाऊंचे 10 बाय 15 फुटांचे गॅरेज आहे. चेन बदलणे, ऑइल सोडणे, क्लच खोलणे, सगळे काम जमिनीपासून वीतभर उंचीवर. 25 वर्षांनी गुडघ्यांनी जबाब दिला. मिस्सेत गुडघे टेकणे बंद झाले. डॉक्टरांनी सांगितले, खाली बसून काम करायचे नाही. म्हणजे गॅरेजच बंद. आणि मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षे बाकी.

मोटारसायकलची नवी लिफ्ट परवडणारी नव्हती. त्यांना कारची जुनी सिझर लिफ्ट स्वस्तात मिळाली, चाकांवर ढकलत नेता येणारी, अडीच टन उचलणारी. बुलेट 200 किलोच्या आसपास, स्प्लेंडर तर 110च्या थोडी वर. ताकदीचा प्रश्नच नव्हता.

"पण सर, हिला चार कोपरे लागतात की," भाऊ म्हणाले.

कारच्या चार कोपऱ्यांजवळ लिफ्टचे रबरी ठोकळे टेकतात आणि कार त्यांवर निवांत बसते. मोटारसायकलचा सगळा भार एका रेषेत असतो. आधार काढला की ती आडवी होते.

मग उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी चॅनेलची चौकट आणि तिच्यावर चेकर प्लेटचा लांब पाटा करून घेतला. लिफ्टच्या मूळ सांगाड्याला वेल्डिंग लावले नाही. चौकट बोल्टने बसवली. पुढचे चाक अडकवायला खाच केली. दोन्ही बाजूंना खाली आणि रुंद अंतरावर कड्या लावल्या, म्हणजे पट्टे ताणले की पुढचा फोर्क थोडा दबतो आणि गाडी डुलत नाही. मागेही दोन पट्टे. मागचे चाक काढले की भार पुढे सरकतो, म्हणून गाडीचा मध्य लिफ्टच्या मध्यावर येईल अशी खूण केली. गाडी चढवताना पाट्याचे टोक दबून लिफ्ट कलू नये म्हणून टोकाखाली पायही लावले.

भाऊंचा एक नियम मला फार आवडला. गाडी वर नेली की ते लिफ्ट किंचित खाली सोडतात आणि लोखंडी लॉकवर टेकवतात. "तेलावर भरवसा ठेवून हात घालायचा नाही सर. सील कधी गळंल सांगता येत नाही."

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती माणूस आठवा. त्याला चौघांनी उचलून आणले. गर्दीमुळे दार मिळेना, तेव्हा त्यांनी छप्पर उघडले आणि त्याला बाजेसकट खाली सोडले. पडून असलेल्या माणसाला नेता येईल अशी वाट त्यांनी केली.

आपल्या धर्मग्रामात ताकद कमी नाही. आजाऱ्याच्या घरी आपण दहा जण प्रार्थनेला जातो, फळे नेतो. त्याला कदाचित डायलिसिसच्या दिवशी रिक्षात शेजारी बसणारा एक माणूस हवा असतो. एकट्या राहणाऱ्या आजीला पैशांपेक्षा बँकेत सोबत येणारा कोणी हवा असतो. त्यांचा भार कुठे आहे, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि आपला उत्साहही लिफ्टच्या तेलासारखा. उपवासकाळात चढतो, नंतर हळूहळू गळतो. म्हणून सेवेलाही लॉक हवे: ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि मी आजारी पडलो तर जाणारा दुसरा माणूस.

भाऊ आता उभे राहून काम करतात. गुडघे बरे झालेले नाहीत, पण गॅरेज चालू आहे.

या आठवड्यात एका घरी जा आणि आधी विचारा, "तुम्हाला नेमके काय जड जाते?" उत्तर ऐका, आणि मगच हात लावा. प्रभू तुमच्या हातांना बळ देवो.